पहिला टप्पा

बायकोनूरला पोचायला आम्हांला अकरा तास लागले.
वाटेत दोनदा टायर, एकदा उंटांचा कळप.
आजोबांनी ठेवणीतली टोपी डोक्यावरून काढली नाही
की मांडीवरचं भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं नाही.
सत्त्याऐंशीव्या वर्षी ते पहिल्यांदाच
रॉकेट बघायला निघाले होते.
पहिल्यांदा म्हणजे, अख्खं.

तुकडे त्यांच्या ओळखीचे.
आमच्या वस्तीवर आकाश अधूनमधून सांडायचं.
आधी तावदानं थरथरायची,
कुत्री पलंगाखाली शिरायची,
मग लांब माळावर धप्प,
आणि आजोबा घोड्यावर खोगीर टाकायचे,
पलीकडचा ओराझबाय पोचायच्या आत.
कोंबड्यांचं खुराडं त्यातलंच.
आजीचं कपडे भिजवायचं टोपलं,
बर्फावरची घसरगाडी,
मेंढवाड्याचं छप्पर.

(सेरझानकाकाच्या हातांची सालं गेली ती पुन्हा भरली नाहीत.
एका वसंतात चौदा मेंढ्या आडव्या झाल्या.
मोजे घातलेली माणसं आली, बाटल्यांत माती भरून
कुठल्याशा कागदावर अंगठे घेऊन गेली.
हे सगळं मी गाडीत काढणार नव्हते.
काढलं. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले.)

संग्रहालयात नीना अर्काद्येव्ना, हातात पातळ छडी.
छडीच्या टोकाला अंतराळवीराचा पोशाख,
दातांना लावायच्या मलमासारखी जेवणाची नळी,
परत आलेली कुपी, एका बाजूने करपलेली,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
आजोबा माना डोलावत होते,
लग्नघरी दूरच्या पाहुण्याने डोलवावी तशी.

मग अंगणात, आडवं निजवलेलं, ते.

आजोबा बोलले नाहीत.
पाठीमागे हात बांधून शेपटाकडून चालायला लागले,
जमीन मोजताना चालतात तसे, ओठांत आकडे.
मध्येच थांबले. वाकले.
आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं,
टरबूज घेताना ठोकतात तसं.
पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली.
"हात लावायचा नाही!"
"आमचाच आहे," आजोबा म्हणाले. "आवाज ओळखला मी."

पाटीवर लिहिलं होतं :
पहिला टप्पा. परत मिळवला जात नाही.
मी वाचून दाखवलं.
ते इतके हसले की टोपी सरकली.
"मिळवला की!"

मग त्यांनी नीना अर्काद्येव्नाला विचारलं,
हा किती दिवस काम करतो?
"दिवस नाही हो. दोन मिनिटं. थोडी कमीच."
"आणि मग?"
"मग गळून पडतो. निकामी."

"छत्तीस हिवाळे," आजोबा म्हणाले.
"कमरेएवढं बर्फ. वर घोडा उभा राहिला असता.
आत एक थेंब नाही."

छडी हळूच खाली आली.
"त्यावर क्रमांक असेल," ती म्हणाली, "लाल रंगात. आठवतो?"
आजोबांनी मान हलवली.
रंग आजीने वाळूने घासून काढला होता,
मेंढ्या चाटतात म्हणून.
नीना अर्काद्येव्नाने वही काढली होती.
ती तिने तशीच, कोरी, मिटली.

आम्ही त्याच्याच सावलीत बसून भाकरी खाल्ली.
शिट्टीवाल्यालाही चतकोर दिली; आधी नको म्हणाला.
आजोबांची नजर दुसऱ्या टोकाला खिळली होती,
निमुळत्या, पांढऱ्या.
"हे आमच्याकडे कधी पडलं नाही."
"ते वर जातं, आजोबा."
"हं," म्हणाले,
आणि बराच वेळ चावतच राहिले.

घरी पोचलो तेव्हा रात्र उलटून गेली होती.
टोपी न काढताच ते मेंढवाड्यात शिरले.
मी दिवा धरला. मेंढ्यांनी डोळे उघडून मिटले.
छपराखाली ते मान मागे टाकून उभे,
आणि वर, एका खिळ्याच्या भोकात,
बरोबर मावेल एवढा तारा.

"दिवा खाली घे," म्हणाले.
मग थोड्या वेळाने,
"उद्या इथे डांबर लावायला हवं."

म्हणजे थेंब येत होता तर.